वेणाबाईंचे माहेर

रामनवमीच्या उत्सवात तेरखेड्यास आम्ही समर्थशिष्या वेणाबाईंचे आख्यान लाविले होते. आरतीनंतर एका वृद्ध माउलीने आम्हांस विचारले, की ज्यांनी विष दिले त्या आईबापांना त्या पोरीने क्षमा केली काय? आख्यानात तो प्रसंग दोन पदांत आटोपून आम्ही चमत्काराकडे वळतो. आम्ही निरुत्तर झालो.

वेणाबाईंचे माहेर कोल्हापूरचे, सासर मिरजेचे. बालपणी विवाह झाला आणि कोवळ्या वयातच वैधव्य आले. मात्र त्यांना वाचता येत होते. मिरजेस तुळशीवृंदावनापाशी एकनाथी भागवत वाचीत असता समर्थ रामदास भिक्षेस आले, आणि मनात साठलेल्या साऱ्या शंका त्या मुलीने त्यांच्यापुढे मांडल्या. पुढे कोल्हापुरात समर्थांची कीर्तने होऊ लागली. माहेरी असलेली वेणा ती ऐकावयास नित्य जाऊ लागली.

एवढाच तिचा अपराध! गाव बोलू लागले. कोणी काही पाहिले नव्हते. पण तरुण विधवा आणि परका गोसावी एवढे जिभांना पुरेसे होते. आईबाप दुष्ट नव्हते, ते भ्यालेले होते. कुळाला बट्टा लागला या धास्तीने त्यांनी पोटच्या मुलीस विष दिले, असे परंपरा सांगते. समर्थांनी तिला जीवदान दिले, तेव्हा आईबापांनी त्यांच्या चरणांवर लोळण घेऊन क्षमा मागितली. श्रोतेहो, क्षमा समर्थांपाशी मागितली. विष मात्र वेणा प्यायली होती.

ती समर्थांबरोबर निघाली. ज्या कीर्तनापायी तिची अब्रू गेली, त्याच कीर्तनास समर्थांनी तिला उभे केले. स्त्रीने, त्यातून विधवेने, सभेत उभे राहून हरिकथा करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. आज आमच्या भगिनी कीर्तनास उभ्या राहतात, त्यांनी हे स्मरावे. पुढे मिरजेचा मठ समर्थांनी त्यांच्याकडे सोपविला आणि त्या वेणास्वामी झाल्या. त्यांनी ‘सीतास्वयंवर’ रचिले. लोकापवाद सीतामाईलाही चुकला नाही. तरी वेणाबाईंनी वर्णन केले ते तिच्या मंगलकार्याचे, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

शके १६०० (इ. स. १६७८), स्थळ सज्जनगड. रामनवमीचा उत्सव पार पडला होता. वेणाबाईंनी समर्थांपाशी माहेरी जाण्याची आज्ञा मागितली, असे सांप्रदायिक सांगतात. आम्ही कथेकरी या माहेराचा अर्थ वैकुंठ असा लावून मोकळे होतो. पण त्या माउलीच्या प्रश्नानंतर आम्हांस वाटू लागले आहे, की त्यांच्या मनात कोल्हापूरचे तेच घर असावे. यंदा तेरखेड्यास आम्ही हेच सांगणार आहोत.

समर्थांनी आधी कीर्तन करावयास सांगितले. चैत्र वद्य चतुर्दशीस वेणाबाई समर्थांसमोर उभ्या राहिल्या, कीर्तन पूर्ण केले, त्यांच्या चरणांवर मस्तक ठेविले आणि तेथेच देह ठेविला. त्यांची समाधी गडावरच आहे.