बाळशास्त्री जांभेकर

बाळशास्त्री गंगाधरशास्त्री जांभेकर (१८१२ – १७ मे १८४६) हे मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक, शिक्षणतज्ज्ञ, ग्रंथकार आणि गणिताचे अध्यापक होते. त्यांची ओळख प्रामुख्याने 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राचे संपादक म्हणून आहे. तथापि उपजीविकेने ते शिक्षक होते. महाविद्यालयीन पातळीवरील कलनशास्त्र मराठीत आणण्याचा आरंभीचा प्रयत्नही त्यांचाच आहे.

जन्म व शिक्षण

बाळशास्त्रींचा जन्म कोकणातील पोंभुर्ले (सध्या तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग) येथे झाला. वडील गंगाधरशास्त्री हे पुराण सांगत असत. संस्कृत व मराठीचे प्राथमिक शिक्षण घरीच झाल्यावर बाळशास्त्री मुंबईस आले आणि बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी व गणित शिकले. सोसायटीचे एक चालक सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांचे त्यांना साहाय्य लाभले. १८३० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते सोसायटीच्या सेवेत उपसचिव झाले. पुढे काही काळ त्यांनी अक्कलकोटच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणूनही काम केले.

एल्फिन्स्टनमधील अध्यापन

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या सन्मानार्थ १८२७ मध्ये जमवलेल्या निधीतून मुंबईत उच्च शिक्षणाचे वर्ग सुरू करण्यात आले. १८३४ मध्ये बाळशास्त्रींची तेथे साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. या पदावरील ते पहिले भारतीय होत. आर्थर ऑर्लिबार आणि जॉन हार्कनेस हे तेथील इंग्रज प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. त्यामुळे बाळशास्त्रींच्या काळात विद्यापीठाच्या परीक्षा व पदव्या नव्हत्या.

खुद्द इंग्लंडमध्येही या विषयाचे अध्यापन तेव्हा नुकतेच बदलले होते. १८१२ मध्ये, म्हणजे बाळशास्त्रींच्या जन्मवर्षी, चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल व जॉर्ज पीकॉक यांनी केंब्रिजमध्ये ॲनॅलिटिकल सोसायटी स्थापन केली. न्यूटनच्या चिन्हपद्धतीऐवजी युरोप खंडात रूढ असलेली लायब्निट्सची चिन्हपद्धती स्वीकारावी, असा तिचा आग्रह होता. लाक्र्वा यांच्या फ्रेंच पाठ्यपुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नवी पद्धती केंब्रिजच्या परीक्षेत येऊन वीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा बाळशास्त्री मुंबईत अध्यापन करू लागले होते.

शून्यलब्धिगणित

बाळशास्त्रींनी 'डिफरन्शियल कॅल्क्युलस' या विषयावर 'शून्यलब्धिगणित' हा मराठी ग्रंथ लिहिला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने अंकगणित व भूमिती यांवरील मराठी पुस्तके त्यापूर्वी तयार झाली होती. परंतु या विषयासाठी मराठीत रुळलेली परिभाषा नव्हती. भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'त (११५०) ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार आढळतो. मात्र महाविद्यालयात शिकवले जाणारे कलनशास्त्र न्यूटन व लायब्निट्स यांच्या परंपरेतील होते.

ग्रंथाचे नाव अर्थपूर्ण आहे. 'लब्धि' म्हणजे भागाकाराचे फळ. दहा एकक बाजू असलेल्या चौरसाचे क्षेत्रफळ १०० असते. बाजू ०.१ ने वाढवल्यास क्षेत्रफळ २.०१ ने वाढते आणि दोन्ही वाढींचे गुणोत्तर २०.१ येते. बाजू ०.०१ ने वाढवल्यास ते २०.०१ होते. वाढ शून्यच मानली, तर शून्याला शून्याने भागण्याचा निरर्थक प्रसंग येतो. वाढ शून्याकडे जाऊ दिली, तर गुणोत्तर २० या निश्चित संख्येकडे जाते. आजही महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात विद्यार्थी प्रथम येथेच अडखळतात. 'शून्यलब्धि' या शब्दाने नेमक्या याच अडचणीकडे लक्ष वेधले जाते.

ही संज्ञा पुढे टिकली नाही. मराठी परिभाषेत 'अवकलन' व 'समाकलन' हे शब्द रूढ झाले, तर उच्च गणिताचे अध्यापन मुख्यतः इंग्रजीतूनच होत राहिले.

शिष्यपरंपरा

दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड आणि केरूनाना छत्रे हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी होत. दादाभाई १८५० नंतरच्या काळात एल्फिन्स्टनमध्येच गणिताचे प्राध्यापक झाले. केरूनानांनी कुलाबा वेधशाळेत काम केले आणि पुढे पुण्यात गणिताचे अध्यापन केले. डेक्कन महाविद्यालयात लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी होते.

इतर कार्य

६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झालेले 'दर्पण' मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे. ते १८४० मध्ये बंद झाले. त्याच वर्षी बाळशास्त्रींनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढले व त्यातून भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान आदी विषय वाचकांपुढे आणले. काही काळ कुलाबा वेधशाळेची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. १८४५ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शिळाप्रत प्रसिद्ध केली. ताम्रपट व शिलालेखांचे वाचन करून त्यांनी संशोधनपर लेखनही केले.

मृत्यू

१७ मे १८४६ रोजी मुंबईत तापाच्या आजाराने बाळशास्त्रींचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस वर्षांच्या आसपास होते. 'दर्पण'च्या पहिल्या अंकाच्या स्मरणार्थ महाराष्ट्रात ६ जानेवारी हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो.