माणकातून उमटलेला किरण

१६ मे हा दिवस जगभर आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन म्हणून पाळला जातो. १९६० साली याच तारखेला थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत पहिला लेसर किरण निर्माण केला. गोवा मुक्त होण्यास तेव्हा दीड वर्षाहून अधिक अवकाश होता.

मेमन यांचा जन्म ११ जुलै १९२७ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वडील विद्युत अभियंते. रेडिओ व घरगुती उपकरणे दुरुस्त करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला आणि १९५५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट मिळवली.

उत्तेजित अणूंवर प्रकाश पडल्यास ते तसाच आणखी प्रकाश बाहेर टाकतात, हे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडले होते. ते प्रत्यक्षात आणण्याची चुरस १९५८ नंतर लागली. बेल प्रयोगशाळेसारख्या मातब्बर संस्थांचा भर वायूंवर होता. माणिक या कामास निरुपयोगी आहे, असे नामवंतांचे मत होते. घेतलेला प्रकाश ते फारच थोड्या प्रमाणात परत देते, असे एका मोजमापाने दाखवले होते. मेमन यांनी ते मोजमाप जसेच्या तसे स्वीकारले नाही. स्वतः प्रयोग केला, तेव्हा ते चुकीचे ठरले.

पुढचा मार्ग साधाच होता. छायाचित्रकार वापरतात तशा नागमोडी फ्लॅश दिव्याच्या वेटोळ्यात कृत्रिम माणकाची लहानशी कांडी बसवली, तिच्या दोन्ही टोकांना चांदीचा मुलामा दिला. दिवा लखलखला आणि माणकातून लाल प्रकाशाचा शुद्ध, एकजीव झोत बाहेर पडला.

अमेरिकेतील एका प्रतिष्ठित नियतकालिकाने त्यांचा शोधलेख नाकारला. तो ६ ऑगस्ट १९६० रोजी ब्रिटनच्या ‘नेचर’मध्ये अवघ्या काहीशे शब्दांत प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांनी मात्र या शोधाला ‘मृत्युकिरण’ ठरवले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला अली जावन व सहकाऱ्यांनी हेलियम-निऑन वायूंचा अखंड चालणारा लेसर सिद्ध केला. पुढे १९६४ साली बारामतीत जन्मलेल्या कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइडचा शक्तिशाली लेसर घडवला.

१९६४ साली या क्षेत्रासाठी नोबेल पारितोषिक टाउन्स, बासोव आणि प्रोखोरोव यांना मिळाले. पहिला लेसर उभा करणारे मेमन त्या यादीत नव्हते. १९८७ साली त्यांना जपान पारितोषिक लाभले. ५ मे २००७ रोजी व्हँकुव्हर येथे त्यांचे निधन झाले.

आज पेडणे वा डिचोलीच्या बाजारात मालावरील पट्ट्या वाचणारा लाल किरण असो, की मधुमेहाने बाधित डोळ्याचा पडदा वाचवणारा उपचार, त्यामागे मालिबूचा तो क्षण आहे. प्रस्थापित मताची स्वतः फेरतपासणी करण्याचे धैर्य हाच मेमन यांचा खरा वारसा होय.