जिम थॉर्प : कार्लाइलचा खेळाडू

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. तिथे लांबट चेंडू काखेत मारून प्रतिपक्षाच्या भिंतीतून वाट काढीत पळायचे असते आणि पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन जमिनीवर लोळवायचे असते. शतकापूर्वी हा खेळ हार्वर्ड, येल अशा धनिकांच्या विद्यापीठांची मिरास होता. त्या मिरासदारीला पेनसिल्वेनिया राज्यातल्या एका शाळेने धक्का दिला. तिचे नाव कार्लाइल.

ही शाळा १८७९ साली लष्कराच्या जुन्या बराकींत निघाली. अमेरिकेतल्या मूळ जमातींची मुले इथे आणायची, त्यांचे केस कापायचे, भाषा बंद करायची, नवी नावे द्यायची आणि त्यांना गोऱ्यांसारखे बनवायचे, हा तिचा उघड हेतू होता. १९०४ मध्ये ओक्लाहोमाकडून सॅक अँड फॉक्स जमातीचा एक पोर तिथे आला. घरचे नाव वा-थो-हुक, म्हणजे उजळलेली वाट. शाळेच्या दप्तरी तो जिम थॉर्प. जुळा भाऊ लहानपणीच न्यूमोनियाने गेला होता, आईही गेलेली. वडीलही लवकरच वारले. यापूर्वीच्या शाळांतून तो अनेकदा घरी पळून आला होता. आता पळून जायला घरच उरले नव्हते.

फुटबॉलचा मार्गदर्शक होता ग्लेन वॉर्नर. मोठा कल्पक माणूस. अंगाने थोराड विद्यापीठीय गड्यांना आपली हलकी पोरे वेगाने आणि हुलकावण्यांनी हरवतील, हे त्याने ओळखले होते. संघ बहुतेक सामने परगावी खेळे. गावोगावच्या तिकीटविक्रीचा वाटा शाळेच्या क्रीडानिधीत जमा होई. पोरे खेळत, शाळा गबर होई.

११ नोव्हेंबर १९११ रोजी गाठ हार्वर्डशी पडली. हार्वर्डच्या मार्गदर्शकाने पहिल्या फळीचे गडी राखून ठेवले होते. एवढ्याशा शाळेसाठी ते कशाला? थॉर्पचा पाय दुखावलेला, पट्ट्यांनी बांधलेला. त्याच पायाने त्याने चार वेळा चेंडू गोलखांबांमधून आडव्या दांडीवरून धाडला. कार्लाइल १८, हार्वर्ड १५. त्या मोसमात कार्लाइलने एकच सामना गमावला, तोही सिरॅक्यूजकडून एका गुणाने.

पुढच्या उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही शर्यतमालिका जिंकल्या. ऐन वेळी त्याचे बूट नाहीसे झाले आणि दोन वेगळ्या जोड्यांतला एकेक घालून तो धावला, असे सांगतात. परतल्यावर मिरवणुका झाल्या, आणि गडी पुन्हा फुटबॉलला हजर! ९ नोव्हेंबर १९१२ ला वेस्ट पॉइंट या लष्करी विद्यालयाशी सामना झाला. वुंडेड नी येथे सैन्याने लाकोटा बायकापोरांसह शेकडोंची कत्तल केली, त्याला तेव्हा बावीसच वर्षे झाली होती. समोर भावी सेनाधिकारी. त्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवरही होता. थॉर्पला रोखणे त्यांना जमले नाही. कार्लाइलने २७-६ असा विजय मिळवला.

मोसम संपला आणि जानेवारी १९१३ मध्ये एका वृत्तपत्राने बातमी फोडली. १९०९-१० च्या उन्हाळ्यांत थॉर्प नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ मेहनतान्यावर बेसबॉल खेळला होता. महाविद्यालयांतले कितीतरी तरुण तसे खेळत. पण ते खोटी नावे लावून. याने आपलेच नाव लावले. हौशीपणाचा नियम मोडला, असा बोभाटा झाला. वॉर्नरने कानांवर हात ठेवले. थॉर्पच्या सहीने कबुलीपत्र गेले. त्यात तो स्वतःला काही न कळणारा इंडियन शाळकरी पोर म्हणवतो. पत्रामागे डोके वॉर्नरचे होते, असे अनेक अभ्यासक मानतात. मला तर या सगळ्या कहाणीत हे पत्रच अधिक बोचते. ज्याच्या पायांवर शाळा उभी होती, त्याला तिने वाऱ्यावर सोडले. पुढे १९१४ मध्ये संसदीय चौकशी झाली, तेव्हा याच क्रीडानिधीतून खेळाडूंना पैसे दिले जात असल्याचे उघडकीस आले!

पदके काढून घेतली. तक्रारीची मुदत तीस दिवसांची असताना ती सहा महिन्यांनी आली, हे कुणी पाहिले नाही. डेकॅथलॉनचे सुवर्ण ज्याला देऊ केले, त्या स्वीडनच्या विसलँडरने खरा विजेता थॉर्पच, असे शेवटपर्यंत मानले.

नंतर तो व्यावसायिक बेसबॉल व फुटबॉल खेळला. आज एनएफएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेचा तो १९२० मध्ये पहिला अध्यक्ष झाला. उतारवयात मिळेल ते काम केले, दारूने पोखरला. १९५० मध्ये वार्ताहरांनी त्याला अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडले. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात तो वारला. ऑलिंपिक समितीने १९८२ मध्ये त्याला सहविजेता ठरवले; एकमेव विजेता म्हणून नोंद व्हायला २०२२ उजाडले.

ओक्लाहोमात जमातीचे अंत्यविधी चालू असतानाच त्याच्या तिसऱ्या पत्नीने शव तिथून हलवले. पेनसिल्वेनियातल्या दोन खाणगावांनी एकत्र होऊन त्याचे नाव धारण केले आणि १९५४ मध्ये ते शव मिळवले. वडिलांना घरी आणावे म्हणून मुलगे न्यायालयात गेले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. कबर अजून तिथेच आहे.