अंगणातील शाळा

ज्या मुलाला वाचता येत नसे, त्याला पूर्वी शाळेत छडी मिळे आणि घरी मठ्ठ हे नाव मिळे. अखेर ते मूल शाळेची वाट सोडून देई. मूल शिकत नसेल, तर आधी शिकविण्याची रीत तपासून पाहावी, हा विचार महाराष्ट्रात ज्यांनी कृतीने रुजविला, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे आईवडील प्रार्थना समाजाचे अनुयायी असल्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरात आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. मान होता, वेतन होते. तरी त्यांचे मन लहान मुलांत गुंतले होते. १९२३ साली ते पद सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ साली तेथेच नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

गिजुभाईंच्या बालमंदिरात इटलीच्या डॉ. मारिया माँटेसोरी यांची पद्धती होती. ज्यांना लोक मंदबुद्धी समजत, अशा मुलांना शिकविता शिकविता त्या विदुषीला ही वाट सापडली होती. तीत खरखरीत कागदाची अक्षरे कापून पाटीवर चिकटविलेली असत. मुलाने अक्षर डोळ्यांनी पाहावे, बोटांनी गिरवावे आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी तोंडाने उच्चारावा. डोळा चुकला, तर बोट त्याला सावरून घेई.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. शहरात बालशिक्षणाचे रोपटे मूळ धरू लागले. परंतु या पद्धतीची साधने महाग होती. गरिबांच्या मुलांना ती कशी मिळावीत, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. अखेर १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईचे स्थिर जीवन सोडून त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या. हे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या.

बालवाडी उघडली, पण गोरगरिबांची मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच त्याच्याकडे जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीतील एखाद्या अंगणात मुले जमवून तेथेच गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू झाले. यातूनच अंगणवाडी जन्माला आली. महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, खडे, पाने आणि बिया यांनी घेतली.

१९५७ साली त्यांचे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आले. भोवती वारली लोकांचे पाडे होते. तेथील मुले गुरे राखीत, सरपण गोळा करीत, धाकट्या भावंडांना कडेवर वागवीत. पुस्तकातील भाषा त्यांच्या घरच्या बोलीहून वेगळी होती. भावंडांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि जवळच प्राथमिक शाळा, अशी विकासवाडी उभी राहिली. जी मुले तरीही येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना शिक्षक कुरणात जाऊन मुलांना शिकवू लागले. गुराख्याचे काम सुटले नाही आणि शिक्षणही चुकले नाही. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

ताराबाईंच्या मुलांच्या वाटेत दारिद्र्य आड येत होते. काही मुलांच्या वाटेत आणखी एक अडचण असते. ती बुद्धीने चलाख असतात, पण अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड त्यांना चटकन घालता येत नाही. घ आणि ध, भ आणि म यांत त्यांची गल्लत होते. या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. तो आळस नव्हे आणि मंदपणाही नव्हे. २०१६ च्या कायद्याने अशा मुलांचा साहाय्याचा हक्क मान्य केला आहे. त्यांना एकेक ध्वनी सावकाश, क्रमाने शिकवावा लागतो. अनेक शिक्षक त्यांच्याकडूनही अक्षर बोटाने गिरवून, मोठ्याने उच्चारून घेतात. येथेही मुलाची अडचण ओळखून शिक्षकालाच आपली वाट बदलावी लागते.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९७५ साली, भारत सरकारने बालविकासाची देशव्यापी योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवरील ठाकूरवाड्यांपासून देशाच्या कानाकोपऱ्यांतील खेड्यांपर्यंत आज हा शब्द घरोघरी परिचित आहे. तो उच्चारणाऱ्या कितीतरी बालकांना ताराबाईंचे नाव ठाऊक नसेल. पण त्यांच्या दारापर्यंत आलेली शाळा ही त्यांचीच ठेव आहे.