उंचीचे कोडे सोडवणारा गणिती

आईवडील मध्यम उंचीचे, पण एक मुलगा ताडमाड आणि दुसरा बेताचा, असे अनेक घरांत दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच साध्या गोष्टीवरून शास्त्रज्ञांत मोठा वाद पेटला होता. मेंडेलच्या प्रयोगांत वाटाण्याचे रोप एकतर उंच असे किंवा ठेंगणे. माणसांची उंची मात्र अशी दोन गटांत विभागलेली नसते. मग मेंडेलचे नियम माणसाला लागू होतात का? याचे उत्तर रोनाल्ड फिशर यांनी दिले.

फिशर यांचा जन्म 17 फेब्रुवारी 1890 रोजी लंडनमध्ये झाला. दृष्टी लहानपणापासून अधू. डोळ्यांना ताण नको म्हणून ते कागद-पेन्सिलीशिवाय, मनात आकृत्या उभ्या करून गणित शिकले. पहिल्या महायुद्धात दृष्टीमुळेच सैन्याने त्यांना नाकारले आणि ते शाळेत शिकवू लागले. त्या काळात लिहिलेला त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या परीक्षकांना रुचला नाही. अखेर 1918 मध्ये तो एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने छापला.

त्यातला विचार असा : एक नाणे उडवले तर छापा किंवा काटा, दोनच शक्यता. शंभर नाणी एकदम उडवली, तर छाप्यांची संख्या बहुधा पन्नासच्या आसपास येते. फार कमी किंवा फार जास्त क्वचितच. उंचीचेही तसेच. प्रत्येक जनुक मेंडेलच्या नियमाने चालते, पण अशा अनेक जनुकांचे छोटे छोटे परिणाम आणि परिस्थितीचा वाटा यांची बेरीज होऊन उंची ठरते.

1930 च्या ग्रंथात फिशर यांनी या विचाराला डार्विनच्या नैसर्गिक निवडीची जोड दिली. जवळजवळ नीट जुळलेल्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू किंचित फिरवला तर चित्र सुधारू शकते. जोरात फिरवला तर बहुधा बिघडते. जनुकांतले मोठे बदलही बहुतेकदा घातक ठरतात आणि निवडीत गळून पडतात. छोटे बदल टिकू शकतात. 2022 मध्ये सुमारे 54 लाख लोकांच्या अभ्यासात उंचीशी निगडित 12 हजारांहून अधिक जनुकीय फरक सापडले. बहुतेकांचा परिणाम अगदी अल्प.

पण याच ग्रंथाचा सुमारे एक तृतीयांश भाग मानवी समाजावर आहे. वरच्या वर्गाला मुले कमी होतात म्हणून संस्कृती लयाला जातात, असे फिशर मानत. ते सुप्रजननवादाचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि मतिमंद ठरवलेल्यांच्या नसबंदीला कायदेशीर मान्यता मिळावी यासाठी त्यांनी प्रयत्न केले. जनुके आणि परिस्थिती किती गुंतलेली असतात याचे गणित मांडणाऱ्यानेच माणसांची अशी वर्गवारी करावी, हे खेदजनक. पुढे धूम्रपानाने कर्करोग होतो हेही त्यांनी मानले नाही. दोन्हींमागे जनुके असू शकतील, असा त्यांचा तर्क होता. ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उद्योगाचे सल्लागार होते. या मुद्द्यावर ते चुकले.

महालनोबिस यांचे स्नेही असलेले फिशर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अनेकदा आले. 29 जुलै 1962 रोजी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथे त्यांचे निधन झाले.

मधुमेह, उच्च रक्तदाब यांचा धोकाही आज त्यांच्याच बेरजेने समजून घेतला जातो. त्या बेरजेतली जनुके आपल्याला बदलता येत नाहीत. आहार, व्यायाम आणि तंबाखू मात्र आपल्या हातात आहेत.