उकळत्या पाण्याने मोजलेले तिबेट

पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते, हे समुद्रकिनाऱ्यापुरते खरे. वर चढावे तसा हवेचा दाब घटतो आणि दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. याच नियमाच्या आधारे पंडित नैनसिंह रावत यांनी तिबेटमधील उंची मोजली.

त्यांचा जन्म १८३० मध्ये कुमाऊंच्या जोहार खोऱ्यात, हिमनदीजवळच्या मिलम गावी झाला. इथले भोटिया लोक तिबेटशी व्यापार करीत. नैनसिंह शाळामास्तर, म्हणून ‘पंडित’. परक्यांना बंदी असल्याने तिबेटचा नकाशा जवळजवळ कोरा होता. सर्वेक्षण विभागाचे कॅप्टन माँटगोमेरी यांनी १८६३ मध्ये त्यांना देहरादूनला तयार करायला घेतले. चढ असो वा उतार, पाऊल ठरल्या मापाचेच पडायला हवे. अशी २,००० पावले म्हणजे एक मैल. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. नोंदी प्रार्थनाचक्रात, थर्मामीटर काठीत, पारा कवड्यांत. रात्री हा पारा वाडग्यात ओतून त्यातल्या प्रतिबिंबावरून ताऱ्यांची उंची घ्यायची.

जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. तिथे परवानगीशिवाय आलेल्या एका माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला त्यांनी पाहिला. त्यानंतर बिऱ्हाड बदलले, पण मोजणी थांबवली नाही.

ल्हासा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते. ज्या घटलेल्या दाबामुळे हे घडते, त्यामुळेच प्रत्येक श्वासात प्राणवायूही समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश मिळतो. डोके ठणकते, झोप उडते, धाप लागून पाऊल आखूड पडते. इथे तर पाऊल हीच मोजपट्टी! उंचावर वाढलेले शरीर नैनसिंहांच्या कामी आले असणार. परतताना त्सांगपोच्या, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेच्या, काठाने ते मानससरोवराकडे गेले. एकूण सुमारे १,२०० मैल. हिशेब केला तर चोवीस लाख पावले.

१८७४-७५ मध्ये लेहहून ल्हासामार्गे तवांगपर्यंतची मोहीम त्यांची शेवटची. प्रकृती खालावली, दृष्टी अधू झाली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. स्वतः चालणे थांबले होते. पावले मोजायला ते आता नव्या माणसांना शिकवीत होते.