कडू कवठाचे तेल आणि डॉ. भाऊ दाजी लाड

ठाकूरद्वार-गिरगावातून भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाणाऱ्यांना तिथल्या संग्रहालयावर डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव दिसते. कोकणातल्या एका रानझाडाशी असलेला त्यांचा संबंध मात्र फारसा सांगितला जात नाही.

भाऊंचा जन्म १८२२ चा, गोव्यातील मांद्रे गावचा. मूळ नाव रामकृष्ण. शिक्षण मुंबईत, एल्फिन्स्टन संस्थेत. १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. पुढे ते दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. डॉक्टरकी करताना त्यांनी संस्कृत वैद्यकग्रंथांतील वनस्पती रोग्यांवर पारखून पाहिल्या. कुष्ठरोगावर त्यांनी निवडले कडू कवठ, म्हणजे हिडनोकार्पस. पश्चिम घाटात ओढ्याकाठी वाढणारे हे झाड. फळ टणक आणि विषारी. मासे गुंगवायला वापरत.

हे तेल बियांतून दाबून काढतात. रोशा गवताचे सुगंधी तेल वाफेबरोबर उडते, म्हणून ते ऊर्ध्वपातनाने मिळते. कडू कवठाचे तेल तसे उडत नाही, त्यामुळे ते भट्टीवर चढवून उपयोग नाही. शेंगदाणा तेलासारखे हेही स्निग्ध तेलच, पण त्यातल्या आम्लांच्या टोकाला पाच कार्बनचे कडे असते. खाद्यतेलांत ते आढळत नाही.

भाऊंना ही रचना कळणे शक्यच नव्हते. पण उपचाराचा तपशील त्यांनी बराच काळ जवळ ठेवला, ही त्यांच्या कामातली मोठी उणीव म्हणावी लागेल. त्याची पूर्ण नोंद प्रसिद्ध होण्याआधीच १८७४ मध्ये ते वारले. लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर आणि सहकाऱ्यांनी चौलमुग्रिक व हिडनोकार्पिक आम्ले वेगळी केली ती १९०४-०५ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. १९१५ च्या सुमारास होनोलुलूत अ‍ॅलिस बॉल यांनी याच आम्लांपासून टोचता येईल असे औषध बनवले. १९४० च्या दशकात डॅप्सोन आले आणि तेल मागे पडले. आज कुष्ठरोगावर सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो. हे तेल घरी पोटात घेऊ नये, मळमळ आणि उलट्या होतात.

बी गोळा करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. पूर्वेकडे कितीतरी वर्षे गायनोकार्डियाचे बी चौलमुग्रा समजून वापरले जात होते. दिसायला सारखे, पण त्याच्या तेलात ही आम्ले नाहीतच. म्हणून झाडाची फांदी, फळ आणि बी एकत्र नेऊन वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पटवून घ्यावी, मगच पोती भरावीत.